नफा दिसू लागताच सौदा काटला जातो, हा हात कसा आवरावा?

घोडबंदरकर · बुधवार, रात्री १०:५०

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो आणि ऐरोलीत नोकरी करतो. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास घरी पोचल्यावर एमसीएक्स या वस्तूंच्या वायदे बाजारात क्रूड मिनीच्या (कच्च्या तेलाच्या छोट्या लॉटच्या) फ्युचर्समध्ये, म्हणजे वायद्यांत, अल्प मुदतीचे सौदे करतो आणि ते त्याच रात्री सव्वाअकराच्या आत बंद करतो. एका वेळी चार लॉट घेतो, म्हणजे ४० बॅरल. भाव एक रुपयाने हलला की माझ्या खात्यात ४० रुपयांचा फरक पडतो. स्टॉप लॉस (तोटा थांबवून बाहेर पडायची जागा) ३० रुपयांवर आणि टार्गेट (नफा घेऊन बाहेर पडायची जागा) ६० रुपयांवर ठेवायचे, असे मी ठरवलेले आहे. स्टॉप लॉसची ऑर्डर सौदा घेताक्षणी सिस्टिममध्ये टाकतो आणि ती आजवर एकदाही मागे सरकवलेली नाही. टार्गेट मात्र मनात असते.

अडचण नफ्याच्या बाजूची आहे. परवाच्या सोमवारी ५,६४२ ला खरेदी केली होती. आठ वाजून गेल्यावर भाव ५,६५५ झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल घेऊन उभा होतो आणि कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत काहीही करायचे नाही, असे मनाशी ठरवले होते. दुसऱ्या शिट्टीलाच सौदा काटला, म्हणजे विकून बंद केला. हाती ५२० रुपये आले, खर्च वजा जाता सुमारे ४३५. पावणेदहाला भाव ५,७०४ होता. स्टॉप लॉस लागून तोटा होतो तेव्हा मला त्या रात्री झोप लागते, पण असा अर्धवट नफा झाला की लागत नाही, हे मला स्वतःलाच कळत नाही.

गेल्या ११ आठवड्यांत ६४ सौदे झाले. त्यांपैकी ४४ नफ्यात आणि २० तोट्यात गेले. खर्च धरून नफ्याची सरासरी ४८० रुपये आणि तोट्याची १,२९० रुपये आहे. म्हणजे नफा २१,१२० आणि तोटा २५,८००. तीनपैकी दोन वेळा माझा अंदाज बरोबर येऊनही पैसे कमी होत आहेत. भाव वर जात असताना तो आता परत फिरेल, ही भीती कशी हाताळावी? ‘मन घट्ट करा’ यापलीकडे कोणाकडे काही अनुभवाचे असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

नौपाडेकर · गुरुवार, सकाळी ९:१५

घोडबंदरकर यांस सप्रेम नमस्कार. आपण आकडे दिले आहेत म्हणून बोलता तरी येते. बहुतेक जण केवळ मनःस्थिती लिहितात.

आपल्या सरासऱ्या पाहता निव्वळ ना नफा ना तोटा राहण्यासाठीच १०० पैकी सुमारे ७३ सौदे नफ्यात जावे लागतील. आपले ६९ जातात. ठरवल्याप्रमाणे ६० रुपये घेतले असते तर खर्च धरूनही १०० पैकी ३६ पुरले असते. आपण भीतीपोटी केवळ काही रुपये सोडत नाही, तर आपल्या अंदाजावर एक अशक्यप्राय ओझे टाकत आहात.

आता भीतीविषयी. स्टॉप लॉसच्या बाबतीत आपण शिस्तीचे आहात, कारण तिथे निर्णय घ्यायला जागाच उरलेली नाही. ऑर्डर एक्स्चेंजकडे पडून आहे आणि भाव आला की ती आपल्याला न विचारता लागते. टार्गेटच्या बाबतीत दर मिनिटाला नव्याने निर्णय घ्यावा लागतो, तोही हातात मोबाइल असताना आणि पैसे पणाला लागलेले असताना. इतक्या वेळा विचारलेल्या प्रश्नाला एकदा तरी ‘काटून टाक’ असे उत्तर येणारच. म्हणून टार्गेटची लिमिट ऑर्डरही (ठरलेला भाव मिळाला तरच लागणारी) सौदा घेतानाच टाकावी. आपला ब्रोकर ओसीओ पद्धतीची ऑर्डर देत असेल, म्हणजे दोहोंपैकी एक लागली की दुसरी आपोआप रद्द होत असेल, तर तीच वापरावी. तशी सोय नसेल तर फार सांभाळावे लागते: टार्गेट लागून सौदा बंद झाल्यावर जुनी स्टॉप लॉसची ऑर्डर तशीच राहिली आणि भाव खाली आला, तर ती ऑर्डर आपल्या नकळत मंदीचा नवा सौदा उभा करते. माझ्या बाबतीत हे एकदा घडले आहे आणि ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

मात्र हे करण्याआधी एक काम करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुन्या ४४ नफ्याच्या सौद्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणाऱ्या सौद्यांच्या पावत्या) काढा, पंधरा मिनिटांचा चार्ट समोर ठेवा आणि प्रत्येक सौद्यापुढे एकच गोष्ट लिहा: आपण बाहेर पडल्यानंतर आधी काय आले असते, ६० रुपयांचे टार्गेट की ३० रुपयांचा स्टॉप लॉस? ‘नंतर भाव कुठपर्यंत गेला’ हे लिहू नका. त्या रकान्यात माणूस नेहमी दिवसाचा उच्चांक लिहितो आणि स्वतःला दोष देत बसतो.

हुकलेल्या नफ्याची हळहळ काय करते, याचे एक उदाहरण सांगतो. २० एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीमुळे एमसीएक्सचे व्यवहार संध्याकाळी पाचलाच बंद होत होते. त्या दिवशी क्रूडचा एप्रिलचा करार एक हजार रुपयांच्या आसपास बंद झाला. रात्री अमेरिकेत भाव शून्याखाली गेला, तिथला करार उणे ३७.६३ डॉलरवर मिटला आणि आपल्याकडे अंतिम सेटलमेंट, म्हणजे कराराचा शेवटचा हिशेब, उणे २,८८४ रुपयांना झाली. ज्यांची खरेदी अडकली होती त्यांचे हाल सर्वांनी वाचले आहेत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची मात्र विक्री होती (म्हणजे भाव पडला की नफा) आणि त्यांनी पाचच्या आत चांगल्या नफ्यात ती काटली होती. त्यांचे काहीही चुकले नव्हते. तरीही १०० बॅरलच्या एका मोठ्या लॉटमागे पावणेचार लाखांहून अधिक रुपये सुटले, हा हिशेब त्यांनी मनात धरला आणि पुढचे सहा महिने ते कुठल्याच सौद्यात वेळेवर नफा घेऊ शकले नाहीत. चांगले चाललेले सौदे त्यांनी तोट्यात जाईपर्यंत धरून ठेवले. आपण ज्या सोमवारी झोपला नाहीत, तिथून हा दुसरा टोकाचा रस्ताही सुरू होतो, म्हणून हे लिहिले.

नेरूळ पश्चिम · गुरुवार, दुपारी ३:४०

नौपाडेकर काकांनी लिहिलेली नोंदीची सूचना मला मनापासून पटली. ऑर्डर सिस्टिममध्ये टाकूनही माझा हात थांबला नव्हता, म्हणून थोडे वेगळे लिहिते. टाकलेली ऑर्डर रद्द करायला दोन सेकंदही लागत नाहीत.

मी निफ्टी फ्युचर्समध्ये सहा वर्षे सौदे करते. सुरुवातीची दोन वर्षे मी प्रत्येक सौदा जवळजवळ ५,००० रुपयांच्या नफ्यावर काटत असे. चार्टवर त्या जागी ना अडथळा असायचा ना आधार. बाजाराशी त्या आकड्याचा काहीही संबंध नव्हता. पुष्कळ दिवसांनी वहीतला तो रकाना वरून खाली वाचताना ४,९००, ५,१५०, ५,०५० असे आकडे एकाखाली एक दिसले आणि लक्षात आले की मुलीच्या क्लासच्या फीचा हप्ता ५,००० होता. सौदा चालू असतानाच ते पैसे मी मनातल्या मनात भरून मोकळी झालेली असायची. मग भाव जरासा मागे आला की बाजार मुलीच्या फीला हात घालतो आहे, असे वाटायचे. अशा वेळी कोणती आई थांबेल?

घोडबंदरकर, आपल्या नफ्याची सरासरी ४८० आहे आणि सोमवारी आपण ५२० वर बाहेर पडलात. ५०० रुपये म्हणजे आपल्या घरात काय आहे, हे कृपया एकदा शोधून पाहा.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हेच मांडले होते की, माणूस एकूण संपत्ती मोजत नाही. तो मनात एक खुणेची जागा धरतो आणि तिथून वर की खाली एवढेच पाहतो. त्या जागेच्या वर असताना तो जपून वागतो, खाली असताना धोका पत्करतो, आणि गमावण्याचे दुःख तेवढ्याच मिळकतीच्या आनंदाहून बरेच मोठे असते. १९८५ मध्ये हर्श शेफरिन आणि मेयर स्टॅटमन यांनी हाच विचार शेअरबाजाराला लावून दाखवला: नफ्यातले लवकर विकले जाते, तोट्यातले धरून ठेवले जाते. आपण यातला दुसरा अर्धा भाग स्टॉप लॉसने सोडवलेला आहे, आणि ते अधिक अवघड काम होते.

फ्युचर्समध्ये यात आणखी एक गोष्ट मिसळते. इथे दर दिवशी एमटीएमचा (त्या दिवसाच्या भावाने नफा-तोटा मोजण्याचा) हिशेब होतो आणि चालू सौद्याचा नफा रोख खात्यात जमा होतो. सौदा रात्री बंद न करता पुढे नेणाऱ्याला तर कालचा नफा आज खात्यात दिसतो आणि तो परत गेला की स्वतःच्या खिशातून गेल्यासारखे वाटते. मी दोन बदल केले. पहिला, ॲपमध्ये रुपयांतला नफा-तोटा दिसणारे पान सौदा चालू असताना उघडायचे नाही, फक्त चार्ट पाहायचा. दुसरा, सौद्याचे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवले आणि तीन महिने त्यातून घरात एक रुपयाही आणला नाही. दुसरा बदल अधिक कठीण गेला, पण फरक पडला तो त्यानेच.

एक गोष्ट आपुलकीने सांगते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात असल्याचे दिसले होते. तो अभ्यास क्रूडचा नव्हता, तरीही आपल्या ४,६८० रुपयांच्या तोट्याने स्वतःला नालायक ठरवू नका. चार लॉट मात्र सध्या दोनवर आणा. प्रत्येक ऑर्डरचा २० रुपयांचा दर ठरलेला असेल तर खर्चाचे प्रमाण थोडे वाढेल, पण शिकण्याच्या काळात ते परवडते.

कांदा-बटाटा, वाशी · गुरुवार, रात्री ११:४५

वरची उत्तरे वाचून राहवले नाही. आमचा वाशीच्या बाजार समितीत गाळा आहे. पहाटे नाशिककडून गाड्या येतात, गोणी फोडून माल हातावर घेतला की भाव बोलायचा आणि विकून मोकळे व्हायचे. ओला कांदा दोन दिवस धरला तर वास सुटतो आणि मिळत होता तो भावही हातचा जातो. तिथे लवकर नफा घेणे हीच हुशारी आहे आणि वडिलांनी मला तेच शिकवले.

तीच सवय घेऊन मी चांदी मिनीच्या सौद्यांत उतरलो आणि दीड वर्ष नुकसान सोसले. पडद्यावरची चांदी सडत नाही. ३० मिनिटे थांबल्याने तिची प्रत उतरत नाही, पण हाताला ते कळत नव्हते. नफा दिसला की गोणी खराब होण्याआधी विकावी तसा मी विकत होतो. आपण नोकरी करता, पण घरी कोणी व्यापारी असतील, किंवा ‘हातात आले ते आपले’ असे लहानपणापासून ऐकले असेल, तर ही भीती बाजारातून आलेली नसून घरातून आलेली असू शकते. घरची शिकवण चुकीची होती, असे मी मुळीच म्हणत नाही. ती कांद्यासाठी होती.

घोडबंदरकर · पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:०५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण नौपाडेकर काकांनी सांगितलेले काम पुरे करूनच लिहायचे ठरवले होते.

आधी नेरूळच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. माझ्या गाडीच्या कर्जाचा हप्ता महिन्याला १५,००० रुपये आहे. सौदे सुरू करताना मी पत्नीला सांगितले होते की रोजचे ५०० निघाले तरी गाडी फुकट पडेल. हे मी पूर्ण विसरलो होतो. तिनेच आठवण करून दिली. आता हप्ता पगाराच्या खात्यातून जातो आणि सौद्यांचे खाते वेगळे आहे.

आता ४४ सौद्यांची नोंद. मला वाटले होते की बहुतेक सौद्यांत टार्गेट आले असते आणि माझ्या घाबरटपणावर शिक्कामोर्तब होईल. तसे झाले नाही. १९ सौद्यांत टार्गेट आधी आले असते, १६ सौद्यांत स्टॉप लॉस आधी लागला असता आणि ९ सौद्यांत सव्वाअकरापर्यंत दोन्ही आले नसते. ते नऊ शून्य धरले, तर सगळे धरून ठेवल्याने २३,३४५ रुपये मिळाले असते. घाबरून काटल्याने मिळाले २१,१२०. ज्या गोष्टीसाठी मी रात्र रात्र जागलो, तिची किंमत ११ आठवड्यांत सव्वादोन हजार रुपये होती.

मग वार लिहून पाहिले आणि तिथे खरी गोष्ट सापडली. त्या १६ पैकी ११ सौदे बुधवारचे होते. स्टॉप लॉस लागलेल्या २० तोट्यांपैकीही ९ बुधवारचेच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे तेलसाठ्याचे साप्ताहिक आकडे बहुतेक वेळा बुधवारी येतात, तिकडच्या उन्हाळ्यात आपल्या घड्याळात रात्री आठला आणि हिवाळ्यात नऊला. मी घरी साडेसातला पोचत असल्याने माझा सौदा नेमका त्याआधी घेतलेला असायचा. आकडे आले की भाव दोन्हीकडे फेकला जायचा. म्हणजे बुधवारी मला वाटणारी भीती योग्यच होती आणि काटलेला सौदाही योग्य होता. चुकत होते ते त्या वेळी सौदा घेणे. बुधवार वगळून मोजले तर २९ सौद्यांत १६ टार्गेट, ५ स्टॉप लॉस आणि ८ मधलेच. ते धरून ठेवले असते तर त्या वारांचे ११ तोटे वजा करूनही १६,४०० रुपये उरले असते. प्रत्यक्षात २७० रुपये तोटा आहे.

गेल्या चार आठवड्यांत बुधवार पूर्ण सोडला, दोन लॉट घेतले आणि ओसीओ ऑर्डर टाकली. १३ सौदे झाले. सौदा घेतल्यावर मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवतो आणि तासाने पाहतो. पहिल्या आठवड्यात दोनदा उठून फळीपर्यंत गेलो आणि एकदा ऑर्डर रद्द केलीही. एका सौद्यात भाव ४१ रुपये वर जाऊन परत आला आणि स्टॉप लॉस लागला. ते अजून बोचते आहे. त्यावरून एक शंका: भाव ३० रुपये वर गेला की स्टॉप लॉस खरेदीच्या भावावर आणून ठेवावा का?

नौपाडेकर · रविवार, सायंकाळी ६:३०

नोंद वाचून फार समाधान वाटले. बुधवारची गोष्ट मला वरवर पाहून कधीच सांगता आली नसती. मात्र बुधवार वगळून आलेला आकडा जुन्याच सौद्यांतून काढलेला आहे आणि वगळायचे काय हेही त्याच सौद्यांकडे पाहून ठरवलेले आहे, म्हणून १६,४०० या आकड्यावर अजून भिस्त ठेवू नये. नवे १३ सौदे त्याहून मोलाचे आहेत. ते ४० झाले की बोलू.

शंकेविषयी: लगेच आणू नका. क्रूडमध्ये भाव चढता असतानाही १५-२० रुपयांची माघार नेहमीची आहे, आणि तीसच्या वर गेल्यावर स्टॉप लॉस खरेदीच्या भावावर ठेवला तर अशा दोन माघारी एकामागून एक आल्या तरी सौदा शून्यावर सुटतो. तो ४१ रुपयांचा सौदा बोचत असताना हा नियम सुचला आहे, त्यामुळे तो आधी कागदावरच चालवावा. वहीत एक रकाना वाढवा: भाव ३० रुपये वर गेल्यानंतर तो खरेदीच्या भावाला परत शिवला का, आणि शिवून मग टार्गेटला गेला का? हा रकाना त्या २९ सौद्यांवरही मागे जाऊन भरता येईल, चार्ट आपल्याकडे आहेतच. आणि ज्या सौद्यात आपण उठून ऑर्डर रद्द केलीत, त्यापुढे त्या दिवशी घरात किंवा कचेरीत काय झाले होते तेही लिहून ठेवा.